स्वतःला साक्षीला ठेवताना: आत्मकरुणेच्या कल्पनेचा इतिहास

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातील शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूचे प्रकरण न्यायालयापुढे होते. निकालाची व्याप्ती मात्र शाळा, महाविद्यालये, विद्यापीठे, वसतिगृहे आणि शिकवणी वर्ग या सर्वांपर्यंत गेली. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असे न्यायालयाने सांगितले. गुणांवरून विद्यार्थ्यांच्या तुकड्या पाडणे, चारचौघांत त्यांचा पाणउतारा करणे आणि कुवतीबाहेरची उद्दिष्टे त्यांच्यावर लादणे शक्यतो टाळावे, असेही एक तत्त्व त्यांत आहे. त्याच वर्षी २४ मार्चला उच्च शिक्षणसंस्थांतील विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा विचार करण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली एक राष्ट्रीय कृतिदल नेमण्यात आले होते. या हालचालींमागचा आकडा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात आहे: २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या.

समुपदेशक नेमला जाईल, त्याची खोलीही ठरेल. पण त्या खोलीत आलेल्या विद्यार्थ्याशी नेमके काय बोलायचे? गेल्या वीस वर्षांत जगभरच्या विद्यापीठांतून या प्रश्नाला जी उत्तरे पुढे आली, त्यांत एक शब्द वारंवार येतो: आत्मकरुणा. आपल्याकडे हा शब्द ऐकून दोन प्रकारच्या प्रतिक्रिया उमटतात. काहींना ते अमेरिकेतून आलेले नवे खूळ वाटते, तर काहींना आपल्याच पूर्वजांनी सांगून ठेवलेले सनातन सत्य. इतिहास पाहिला तर दोन्ही मते अर्धवट ठरतात. ही कल्पना भारतीय उपखंडातून बाहेर गेली हे खरे आहे. पण जाताना तिचे रूप बदलले, आणि त्या बदलात काय टिकले व काय गळून पडण्याचा धोका आहे, हे आज महाविद्यालयांच्या दारात उभे राहून तपासणे आवश्यक झाले आहे.

इसवी सनाच्या पाचव्या शतकात बुद्धघोष या आचार्याने सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, ‘विसुद्धिमग्ग’ हा पाली ग्रंथ रचला. थेरवादी बौद्ध परंपरेतील साधनामार्गाची ही सर्वांत व्यवस्थित मांडणी मानली जाते. त्याच्या नवव्या प्रकरणात मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावनांचा अभ्यास कसा करावा ते सांगितले आहे. मैत्रीभावनेचा आरंभ कोणापासून करावा? बुद्धघोषाचे उत्तर आहे: स्वतःपासून. आधी स्वतःच्या सुखाची इच्छा, मग पूज्य गुरूच्या, मग प्रिय मित्राच्या, मग ज्याच्याशी प्रेमही नाही आणि वैरही नाही अशा माणसाच्या, आणि शेवटी वैऱ्याच्या.

येथे बुद्धघोष स्वतःच एक शंका उपस्थित करतो. मूळ बौद्ध ग्रंथांत जेथे मैत्रीचा विचार आहे, तेथे ती स्वतःविषयी करावी असे म्हटलेले नाही. मग हा विरोध नव्हे काय? त्याचे समाधान तो असे करतो: स्वतःविषयी शंभर किंवा हजार वर्षे जरी मैत्रीभावना केली, तरी तीतून ध्यानाची सिद्धी मिळणार नाही. स्वतःचा उपयोग येथे केवळ साक्षीदार म्हणून आहे. मला सुख हवे आहे, दुःख नको आहे, हे मी स्वतःच्या अनुभवाने जाणतो; तसेच ते दुसऱ्यालाही आहे, हे पटावे म्हणून सुरुवात स्वतःपासून करायची. या विचारात स्वतःकडे प्रेमाने पाहणे हा उंबरठा आहे, घर नव्हे. पुढच्या सगळ्या प्रवासात हे वाक्य ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

या ग्रंथाच्या आधुनिक इतिहासात एका मराठी विद्वानाचे मोठे स्थान आहे. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेले धर्मानंद कोसंबी बुद्धाच्या शोधात घर सोडून पुणे, काशी, नेपाळ, बोधगया असा प्रवास करीत सिलोनला पोहोचले आणि तेथे पाली शिकले. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात हेन्री क्लार्क वॉरन या अभ्यासकाने विसुद्धिमग्गाच्या संपादनाचे काम हाती घेतले होते; १८९९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि काम अपुरे राहिले. ते पूर्ण करण्यासाठी १९१० मध्ये कोसंबींना बोलावण्यात आले. श्रेयाच्या प्रश्नावरून मतभेद होऊन ते १९१२ मध्ये परतले, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले, आणि पुढेही अनेकदा हार्वर्डला जाऊन त्यांनी ते काम चालू ठेवले. त्यांची देवनागरी आवृत्ती १९४० मध्ये मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केली. हार्वर्डची आवृत्ती निघाली ती १९५० मध्ये, कोसंबींच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. भिक्खू ञाणमोली यांचे इंग्रजी भाषांतर १९५६ मध्ये कोलंबोत छापले गेले, आणि पाली न जाणणाऱ्या वाचकालाही बुद्धघोषाचा हा क्रम वाचणे अधिक सोपे झाले.

ग्रंथ आपल्या जागी राहिला. साधना मात्र माणसांबरोबर प्रवास करीत गेली. १९७० मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बफेलो येथील विद्यापीठात शिकणारी शॅरन साल्झबर्ग ही अठरा वर्षांची विद्यार्थिनी स्वतंत्र अभ्यासाची सवलत घेऊन भारतात आली. जानेवारी १९७१ मध्ये बोधगयेला सत्यनारायण गोएंका यांच्या विपश्यना शिबिरात ती बसली. गोएंका ब्रह्मदेशातून भारतात येऊन तेव्हा जेमतेम दीड वर्ष झाले होते. त्यांचे भारतातील पहिले शिबिर १९६९ मध्ये मुंबईत झाले होते. साल्झबर्ग यांनी पुढे सहकाऱ्यांसह मॅसॅच्युसेट्समध्ये ध्यानकेंद्र उभारले आणि १९८५ मध्ये ब्रह्मदेशात जाऊन मैत्रीभावनेचा दीर्घ अभ्यास केला. १९९५ मध्ये त्यांनी या साधनेवर लिहिलेले पुस्तक अमेरिकेत पुष्कळ वाचले गेले.

या प्रवासातला एक प्रसंग १९९० मधला आहे. धरमशाला येथे दलाई लामा आणि पाश्चात्त्य शास्त्रज्ञ व विचारवंत यांची चर्चा भरली होती. साल्झबर्ग यांनी विचारले की, ज्यांना स्वतःचाच तिरस्कार वाटतो अशा माणसांना काय सांगावे. दलाई लामांना प्रश्नच कळेना. दुभाष्याशी पुन्हा पुन्हा बोलून त्यांनी ‘स्वतःचा तिरस्कार’ या शब्दांचा अर्थ समजून घेतला, आणि उपस्थितांपैकी अनेकांना हा अनुभव परिचित आहे हे ऐकून ते चकित झाले. हा प्रसंग सांगताना पुष्कळ जण ‘पूर्वेकडे असा रोग नाही’ असा निष्कर्ष काढतात. तो टिकत नाही, हे पुढे दिसेल. मात्र एवढे खरे की, बुद्धघोषाने जे गृहीत धरले होते, म्हणजे प्रत्येकाला स्वतःविषयी सहज ममत्व असते, तेच आधुनिक विद्यार्थ्याच्या बाबतीत गृहीत धरता येत नव्हते. साक्षीदारच स्वतःविरुद्ध फिरला होता.

त्याच काळात अमेरिकी मानसशास्त्रात आणि शिक्षणात दुसऱ्याच एका कल्पनेचे राज्य होते: आत्मसन्मान. विल्यम जेम्स यांनी १८९० मध्येच आत्मसन्मानाचे एक सूत्र मांडले होते: माणसाचे यश भागिले त्याच्या अपेक्षा. १९६५ मध्ये मॉरिस रोझेनबर्ग यांनी किशोरवयीन विद्यार्थ्यांच्या अभ्यासातून दहा विधानांची आत्मसन्मान मापनश्रेणी तयार केली. ती आजही जगभर वापरली जाते. १९८६ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने जॉन व्हॅस्कन्सेलॉस या लोकप्रतिनिधीच्या पुढाकाराने आत्मसन्मान वाढवण्यासाठी सरकारी कृतिदल स्थापन केले. १९९० मध्ये त्याचा अहवाल आला. शाळाशाळांतून मुलांना ‘तू विशेष आहेस’ असे सांगण्याची लाट उसळली. आत्मसन्मान वाढला की गुण वाढतील, व्यसने आणि गुन्हे घटतील, अशी अपेक्षा होती. २००३ मध्ये रॉय बाऊमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा विस्तृत आढावा घेतला, तेव्हा ही अपेक्षा बहुतांशी फोल ठरली. चांगले गुण मिळाल्यावर आत्मसन्मान वाढतो, असे थोडेफार दिसले. आत्मसन्मान वाढवल्याने गुण वाढतात, असे दिसले नाही.

जेम्स यांच्या सूत्रातच अडचण दडलेली होती. ज्या सन्मानाचा अंश यश आहे, तो अपयशाच्या दिवशी शून्याकडे जाणारच. आणि विद्यार्थ्याला आधाराची गरज असते ती नेमकी त्याच दिवशी. शिवाय ‘विशेष’ असण्यासाठी इतर सामान्य असावे लागतात. गावच्या शाळेत पहिला येणारा मुलगा एखाद्या राष्ट्रीय संस्थेत येतो, तेव्हा त्याच्या भोवतालचा प्रत्येक जण कोठेतरी पहिला आलेला असतो. तुलनेवर उभारलेला सन्मान तेथे पहिल्याच सत्रात ढासळतो.

क्रिस्टिन नेफ या कथेत येतात त्या याच ठिकाणी. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विभागात त्या पीएच.डी. करीत होत्या. त्यांच्या प्रबंधाचे क्षेत्रकार्य भारतात, म्हैसूर येथे झाले. विषय होता मुलांचे नैतिक विचार. १९९७ मध्ये, प्रबंधाच्या अखेरच्या वर्षी, त्या बर्कलीतील एका ध्यानगटात जाऊ लागल्या आणि साल्झबर्ग यांचे पुस्तक त्यांच्या वाचनात आले. त्यानंतर डेन्व्हर येथे सुझन हार्टर या आत्मसन्मानाच्या ज्येष्ठ अभ्यासिकेबरोबर काम करताना आत्मसन्मानाच्या मर्यादा त्यांना दिसल्या. २००३ मध्ये, म्हणजे बाऊमाइस्टर यांचा आढावा आला त्याच वर्षी, टेक्सास विद्यापीठात असताना नेफ यांनी दोन शोधनिबंध प्रसिद्ध केले. एकात आत्मकरुणेची व्याख्या होती, दुसऱ्यात ती मोजण्याची २६ विधानांची श्रेणी. ही श्रेणी मुख्यतः पदवीच्या विद्यार्थ्यांवर तपासून तयार झाली. आज जगभर वापरले जाणारे हे साधन महाविद्यालयाच्या वर्गातूनच जन्मले आहे.

नेफ यांच्या व्याख्येचे तीन भाग आहेत. पहिला: चुकलो, हरलो तर स्वतःला कठोर दूषणे देण्याऐवजी जिव्हाळ्याने वागवणे. दुसरा: आपले दुःख हे एकट्याच्या वाट्याला आलेले लांच्छन नसून माणूस असण्याचाच भाग आहे, हे ओळखणे. तिसरा: वेदना दडपूनही न टाकता आणि तिच्यात वाहूनही न जाता तिच्याकडे समतोलाने पाहणे. मराठीत आपण ‘कीव’ आणि ‘करुणा’ असा भेद करतो, तो येथे उपयोगी पडतो. स्वतःची कीव करणारा म्हणतो, ‘माझ्याच नशिबी हे का?’ आत्मकरुणा म्हणते, ‘हे माझ्याही वाट्याला आले आहे.’ त्या एका ‘ही’मध्ये व्याख्येचा दुसरा भाग सामावला आहे, आणि बुद्धघोषाचा साक्षीदार जिवंत राहिला आहे तो याच भागात.

आता नेहमीचा आक्षेप. स्वतःशी इतके मायेने वागले तर विद्यार्थी आळशी होणार नाही का? आपल्याकडे ‘छडी लागे छमछम’ हे शिक्षणाचे सूत्र पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले गेले आहे, तेव्हा हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. २०१२ मध्ये ज्युलियाना ब्राइनेस आणि सेरेना चेन यांनी बर्कली येथील विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांपैकी एक असा होता. विद्यार्थ्यांना शब्दसंग्रहाची अवघड चाचणी देण्यात आली. तीत बहुतेकांची कामगिरी निकृष्ट होणार हे ठरलेलेच होते. मग एका गटाला सांगितले, की अशी चाचणी अनेकांना जड जाते, तुम्ही एकटे नाही, स्वतःवर फार कठोर होऊ नका. दुसऱ्या गटाला सांगितले, की तुम्हाला या विद्यापीठात प्रवेश मिळाला आहे, म्हणजे तुम्ही हुशार असलेच पाहिजे. तिसऱ्या गटाला काहीच सांगितले नाही. पुढच्या चाचणीपूर्वी अभ्यासाला हवा तेवढा वेळ दिला, तेव्हा सर्वांत अधिक वेळ अभ्यास केला तो पहिल्या गटाने. कारण समजण्यासारखे आहे. अपयश म्हणजे आपल्या लायकीवरचा निकाल असे वाटले, की माणूस चुकांची उत्तरपत्रिका पुन्हा उघडायलाही धजत नाही. निकालाची भीती उतरली, की चूक पाहण्याचे आणि ती सुधारण्याचे धैर्य येते.

पाहणी-अभ्यासांचे निष्कर्षही याच दिशेचे आहेत. २०१२ मध्ये मॅकबेथ आणि गम्ली यांनी उपलब्ध अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. आत्मकरुणा आणि नैराश्य, चिंता, ताण यांच्यातील सहसंबंध सरासरी उणे ०.५४ इतका आढळला. २०१५ मध्ये झेसिन आणि सहकाऱ्यांनी सोळा हजारांहून अधिक व्यक्तींच्या माहितीवरून मानसिक सुस्थितीशी तिचा सहसंबंध अधिक ०.४७ असल्याचे दाखवले. मानसशास्त्रात हे आकडे लहान नव्हेत.

तरीही विज्ञानाच्या वाचकाने येथे थांबून काही प्रश्न विचारले पाहिजेत. सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. नैराश्य कमी असल्यामुळेही माणूस स्वतःशी सौम्यपणे वागू शकत असेल. पीटर म्युरिस आणि इतर संशोधकांचा आणखी एक आक्षेप आहे: नेफ यांच्या श्रेणीतील निम्मी विधाने आत्मनिंदा, एकटेपणा आणि दुःखात वाहून जाणे यांविषयी आहेत, व ही तर नैराश्याचीच लक्षणे आहेत. मग नैराश्याशी सहसंबंध मोठा दिसला तर नवल काय? हा वाद अजून मिटलेला नाही. हस्तक्षेपाचे प्रयोग झाले आहेत, पण त्यांपैकी अनेक लहान आहेत. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ५२ विद्यार्थिनींना दोन गटांत विभागून एका गटाला तीन आठवडे आत्मकरुणेचे, तर दुसऱ्याला वेळेच्या नियोजनाचे प्रशिक्षण दिले गेले. पहिल्या गटात मनात तेच ते विचार घोळत राहणे अधिक घटले, आशावाद वाढला. निष्कर्ष उत्साहवर्धक आहे. परंतु ५२ विद्यार्थिनी आणि तीन आठवडे यांवरून साऱ्या देशाचे धोरण ठरवता येत नाही.

आणि ‘पूर्वेकडे असा रोग नाही’ या समजुतीचे काय? २००८ मध्ये नेफ आणि सहकाऱ्यांनी थायलंड, तैवान आणि अमेरिका येथील विद्यार्थ्यांची तुलना केली. आत्मकरुणा सर्वांत अधिक थायलंडमध्ये आढळली, सर्वांत कमी तैवानमध्ये. अमेरिका मध्ये होती. दोन्ही टोके आशियातच. तिन्ही देशांत आत्मकरुणेबरोबर नैराश्य कमी आणि समाधान अधिक आढळले. म्हणजे ही पूर्व-पश्चिमेची गोष्ट नाही. घरात, शाळेत आणि समाजात चुकलेल्या मुलाला काय ऐकवले जाते, याची गोष्ट असावी. प्राचीन ग्रंथ आपल्या भूमीत वाचले गेले, म्हणून आपली मुले आपोआप सुरक्षित होत नाहीत. १३,०४४ हा आकडा तेच सांगतो.

आता ही कल्पना समुपदेशकाच्या हाती बसून भारतीय महाविद्यालयांत परत येत आहे. येथे एक धोका संभवतो. व्याख्येच्या तीन भागांपैकी पहिला सर्वांत सोपा आहे आणि कार्यशाळेत, भित्तिपत्रकावर सहज मावतो: स्वतःवर प्रेम करा. दुसरा भाग अवघड आहे, कारण तो विद्यार्थ्यापुरता राहत नाही. दुःख सामायिक आहे असे म्हटले, की ते कोठून येते हेही विचारावे लागते. २००७ मध्ये सुखदेव थोरात समितीने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना वर्गात, परीक्षेत आणि वसतिगृहात कसा भेदभाव सोसावा लागतो, याची नोंद केली होती. ज्या विद्यार्थ्याच्या कानावर ‘तुझी येथे येण्याची लायकी नाही’ हे रोज पडते, त्याच्या मनातील आत्मनिंदेचा आवाज मुळात त्याचा नसतोच. त्याला केवळ ‘स्वतःशी मायेने वाग’ असे सांगणे म्हणजे दुसऱ्याने केलेल्या जखमेची मलमपट्टी त्यालाच करायला लावणे होय.

बौद्ध विचाराच्या आधुनिक भारतीय परंपरेला याचे भान होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या मृत्यूनंतर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात करुणेच्याही पुढे जाऊन सर्व प्राणिमात्रांना कवेत घेणारी मैत्री सांगितली आहे, आणि त्याच ग्रंथात दुःखाचा विचार सामाजिक विषमतेपासून वेगळा केलेला नाही. मैत्री ही केवळ अंतर्मनाची स्थिती न राहता माणसामाणसांतील व्यवहाराची रीत व्हावी, ही त्यामागची दृष्टी आहे.

या प्रकाशात न्यायालयाची तत्त्वे पुन्हा वाचली, तर त्यांतील एक जोड लक्षात येते. समुपदेशक नेमा, असे एक तत्त्व म्हणते; चारचौघांत पाणउतारा करू नका, गुणांवरून तुकड्या पाडू नका, असे दुसरे. पहिले आतल्या निंदेवर उपाय आहे, दुसरे बाहेरच्या निंदेवर. पहिले केले आणि दुसरे टाळले, तर आत्मकरुणा हे विद्यार्थ्यावर टाकलेले आणखी एक ओझे ठरेल: परीक्षेत नापास झालास, आता स्वतःवर प्रेम करण्यातही नापास होऊ नकोस. दुसरे केले आणि पहिले टाळले, तर बाहेरचा आवाज थांबल्यावरही वर्षानुवर्षे आत घुमणारा त्याचा प्रतिध्वनी तसाच राहील.

शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला एखाद्या प्राध्यापकाने वर्गात सांगितले, की या विषयात दरवर्षी अनेकांना पहिल्या चाचणीत अडखळायला होते आणि पुढे ते सावरतात, तर त्याने बर्कलीच्या प्रयोगातील पहिल्या गटाला दिलेला संदेशच दिलेला असतो. त्यासाठी पैसा लागत नाही. ‘तुम्ही एकटे नाही’ हे वाक्य मात्र खरे असावे लागते. ते खरे ठरवण्याची जबाबदारी ते ऐकणाऱ्या विद्यार्थ्यावर नाही. त्याच्या संस्थेवर, वर्गबंधूंवर आणि घरावर आहे.

बुद्धघोषाने म्हटले होते, स्वतःपाशीच हजार वर्षे थांबलात तरी सिद्धी नाही. पंधराशे वर्षांनंतरच्या मानसशास्त्राने त्याला एक पुरवणी जोडली आहे: स्वतःपासून सुरुवातच करता आली नाही, तर पुढची पावलेही जड होतात. साक्षीदाराला आधी धीर द्यायचा, आणि मग त्याच्या साक्षीने दुसऱ्याचे दुःख ओळखायचे, असा हा क्रम आहे. तो पूर्ण झाला, तरच ही कल्पना खऱ्या अर्थाने घरी परतली असे म्हणता येईल.

(आपण स्वतः किंवा आपल्या ओळखीचे कोणी मानसिक तणावातून जात असाल, तर केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ या विनामूल्य सेवेचा क्रमांक १४४१६ असा आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा सुरू असून ती चोवीस तास आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे.)